‘राहणे’ आणि ‘फळ’ : योहानाच्या पंधराव्या अध्यायाचे मराठी रूप

१

योहानकृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय हा ख्रिस्ती साधनेचा गाभा मानला जातो. अटकेपूर्वीच्या रात्री येशू शिष्यांशी बोलत आहे. तो स्वतःला द्राक्षाचा वेल, पित्याला बागवान आणि शिष्यांना त्या वेलाच्या शाखा म्हणतो. वेलात राहिल्यावाचून शाखेला फळ नाही, ही एकच गोष्ट तो निरनिराळ्या वळणांनी सांगतो. मूळ ग्रीक संहितेत या साऱ्या बोलण्याचा भार एका अगदी साध्या क्रियापदावर पडला आहे. ‘मेनेइन’ हे ते क्रियापद. पहिल्या १० वचनांत ते १० वेळा येते, सोळाव्या वचनात आणखी एकदा. आणि फळवाचक ‘कार्पोस’ हा शब्द त्याच अध्यायात ८ वेळा येतो. संपूर्ण चौथ्या शुभवर्तमानात ‘मेनेइन’ची संख्या ४० आहे. हा शब्द ग्रंथकर्त्याच्या हातून सहज पडलेला नाही, हे सांगण्यास एवढे पुरे.

१८११ साली सेरामपूर येथे मोडी टाइपात छापलेल्या नव्या करारापासून १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या संपूर्ण बायबलापर्यंत मराठीत भाषांतराचे अनेक प्रयत्न झाले. आज मराठी मंडळ्यांत वाचल्या जाणाऱ्या बायबल सोसायटीच्या भाषांतरात या ठिकाणी ‘राहणे’ हे क्रियापद आहे. त्याच्या मागे ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय आहे. शाखेसाठी ‘फाटा’ हा शब्द आहे. आणि फळाशी ‘देणे’ हे क्रियापद येते. धर्मोपदेशकाला या चार शब्दांत काही अडचण वाटत नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबावे लागते. ख्रिस्ती मनुष्याचे जीवन सफल कशाने होते, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाला जे मिळते ते बरेचसे या चार शब्दांतून मिळते, आणि ते मूळ उत्तराहून काही ठिकाणी अधिक समृद्ध, तर काही ठिकाणी चक्क उलटे आहे. हे दाखविण्यासाठी एखाद्या कोशापेक्षा एका विशिष्ट प्रदेशाची बोली अधिक उपयोगी पडते. जालना जिल्ह्यातील परतूर हा तो प्रदेश. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. काळी जमीन, कापूस, अलीकडे मोसंबीच्या बागा, आणि मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग, अशी त्याची ओळख सांगता येईल. या प्रदेशाच्या निवडीचे कारण पुढे स्पष्ट होईल.

२

परतूरच्या बाजूला गुढीपाडव्यानंतर एखाद्या शेतमजुराला ‘यंदा कोणाकडं राहिलास?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाचा निवासाशी संबंध नसतो. पाडव्याला सालगड्यांचे वर्ष सुरू होते. वर्षाच्या कराराने एखाद्या शेतकऱ्याच्या घरी कामाला बांधून घेणे म्हणजे ‘राहणे’. ‘सालानं राहिला’, ‘दोन सालं पाटलाकडं होता, यंदा राहिला नाही’, असे प्रयोग सहज ऐकू येतात. हा अर्थ मराठीच्या इतर बोलींतही आहे. तथापि जेथे जमिनीची मालकी थोड्यांकडे आणि श्रम पुष्कळांकडे असे चित्र दीर्घकाळ होते, तेथे तो अर्थ क्रियापदाच्या अग्रभागी येऊन बसला आहे.

‘राहणे’चा संसार मोठा आहे. घरात राहणे आणि दिवस राहणे. काम राहणे, म्हणजे अपुरे उरणे. करीत राहणे, म्हणजे न थांबता करणे. आणि ‘राहू दे’ यातले सोडून देणे. एकच धातू सातत्यही सांगतो आणि उणीवही सांगतो. ‘मेनेइन’मध्ये थांबणे, वस्ती करणे, टिकणे हे अर्थ आहेत, पण ‘राहून गेले’ यातील हळहळ त्यात नाही. मराठी श्रोत्याच्या कानावर ‘राहा’ ही आज्ञा पडते तेव्हा तिच्यामागे ही सारी वस्ती असते.

योहानाच्या ग्रंथात या क्रियापदाची एक लांबलचक वाट आहे. पहिल्याच अध्यायात दोन शिष्य येशूच्या मागोमाग जातात आणि त्याला विचारतात ते त्याच्या मताविषयी नव्हे, मुक्कामाविषयी : आपण कोठे राहता? ते त्याच्याबरोबर जातात व तो दिवस तेथेच राहतात. चौदाव्या अध्यायात पित्याच्या घरातील ‘राहण्याच्या’ जागांचा उल्लेख येतो. तेथील ‘मोनाइ’ हे नाम याच धातूपासून झालेले आहे. त्याच अध्यायात पुढे पिता व पुत्र प्रेम करणाऱ्याकडे येऊन वस्ती करतील, असे म्हटले आहे. अर्थात पंधराव्या अध्यायातील ‘राहा’ ही आज्ञा अचानक येत नाही. एका साध्या चौकशीपासून ती हळूहळू आत आत गेलेली आहे. मराठी भाषांतराने या तिन्ही ठिकाणी ‘राहणे’चा धागा बऱ्याच अंशी राखला, ही त्याची जमेची बाजू होय.

पण परतूरच्या श्रोत्याला यातून आणखी एक गोष्ट ऐकू येते, आणि ती भाषांतरकारांच्या ध्यानात असण्याचा संभव कमी आहे. त्याच अध्यायाच्या पंधराव्या वचनात येशू शिष्यांना सांगतो की येथून पुढे तो त्यांना दास म्हणणार नाही, कारण धनी काय करतो ते दासाला कळत नाही; तो त्यांना मित्र म्हणतो. सालाने ‘राहणाऱ्या’ माणसाला धनी काय ठरवतो ते कळत नसते. औत कोठे न्यायचे ते सकाळी सांगितले जाते. ज्याच्या बोलीत ‘राहणे’ म्हणजे चाकरी, त्याला हा अध्याय प्रथम चाकरीचे बोलावणे वाटेल, आणि पाच वचनांनंतर त्याच चाकरीचा कायापालट झालेला दिसेल. ग्रीक श्रोत्याला ‘मेनेइन’ आणि ‘दास’ यांत अशी सांधेजोड जाणवण्याचे कारण नव्हते. ती बोलीने दिलेली देणगी आहे.

या मुद्द्याला परतूरच्या शेजारचाच एक संदर्भ आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. ते गाव आज याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवरण आहे, आणि त्या क्रमात दास्यानंतर सख्य व सख्यानंतर आत्मनिवेदन येते. ज्या कवीने ‘दास’ हे स्वतःचे नावच करून घेतले त्याच्या मुलखात ‘दास’ हा शब्द केवळ हीन अवस्थेचा वाचक राहत नाही. त्यामुळे योहानातील दास–मित्र या वाटचालीला मराठीत तयार पायऱ्या मिळतात. मात्र हे साम्य फार ताणू नये. नवविधा भक्तीत भक्त पायऱ्या चढतो. योहानात नाव बदलण्याचा अधिकार बोलावणाऱ्याकडे आहे.

३

‘राहणे’ हा शब्द या भागातील ख्रिस्ती इतिहासात प्रत्यक्ष वादाचा विषय झालेला आहे. जालन्याच्या मिशनचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. त्यांचे गुरू रॉबर्ट नेस्बिट हे स्कॉटिश मिशनरी. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा पाद्र्यांच्या घरी राहिला, म्हणून वडिलांनी न्यायालयात दावा केला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो केवळ तेथे राहिला होता व जेवला होता. न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्यासाठी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण सर्वांस परिचित आहे. त्याचा शब्दार्थाच्या बाजूने विचार केला तर दिसते ते असे : श्रद्धेचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कोण कोणाकडे राहिला, एवढ्यावर जात गेली आणि एवढ्यावरच खटला चालला.

नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले, आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. बेथेल या हिब्रू नावाचा अर्थ देवाचे घर. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत ते भाषणासाठी गेले होते. १८९१ साली त्यांचे निधन झाले. बेथेलला आलेले लोक बहुतेक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले. ज्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर, त्यांना ‘राहा’ हा शब्द रूपक म्हणून ऐकता येत नाही. त्यांच्यासाठी तो जागेचा शब्द आहे. देवाच्या घराच्या नावाच्या गावात आपले घर असणे, ही त्यांच्या बाबतीत पंधराव्या अध्यायाची पहिली टीका होती, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होऊ नये.

येथेच अडचणीलाही आरंभ होतो. १८७६–७८ चा आणि पुढे १८९९–१९०० चा दुष्काळ या मुलखात आले. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला गेलेल्यांवर पोटासाठी ख्रिस्ती झाल्याचा आरोप महाराष्ट्रात सर्वत्र झाला. आरोप करणारे म्हणत की हे मिशनकडे ‘राहिले’. सालगडी राहतो तसे. आणि मिशनची बाजूही त्याच शब्दाच्या पकडीत सापडली, कारण या राहण्यामागे श्रद्धा आहे हे सिद्ध करण्यासाठी ‘फळ’ दाखविणे भाग पडले. फळ मोजले जाऊ लागले : बाप्तिस्म्यांची संख्या, शाळेतील मुलांची संख्या, सुटलेली व्यसने. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात याखेरीज दुसरे काय लिहिणार, हेही खरे. परंतु मोजदादीच्या त्या गरजेने ‘फळ’ या शब्दाचा अर्थ एका बाजूला झुकला, आणि त्या झुकण्याला मराठी भाषेने हातभार लावला. तो कसा, हे पाहण्यापूर्वी ‘मध्ये’ या अव्ययाकडे वळणे अवश्य आहे.

४

‘ख्रिस्तामध्ये राहणे’ हा प्रयोग मराठीत अवघड आहे. घरामध्ये, गावामध्ये, दुःखामध्ये राहता येते. माणसामध्ये राहणे याचा सरळ अर्थ लागत नाही. ‘माणसांमध्ये राहावे’ असे अनेकवचनी म्हटले तर त्याचा अर्थ चारचौघांत मिसळणे एवढाच होतो. भाषांतराने मूळ ‘एन’ या अव्ययाशी इमान राखले, पण बोलणाऱ्यांनी त्यावर आपला उपाय शोधला. मराठी ख्रिस्ती प्रवचनांत आणि प्रार्थनांत ‘येशूमध्ये’ची जागा ‘येशूजवळ’ घेत आलेला दिसतो. येशूजवळ राहा, म्हणजे जीवन सफल होईल, असे वाक्य कोणत्याही मराठी मंडळीत खटकणार नाही.

या बदलाला केवळ सैलपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी भक्तिपरंपरेत सान्निध्य हे मोठे मूल्य आहे. वारकऱ्याची सारी चाल पंढरीजवळ जाण्यासाठी असते. ‘जवळ’ या शब्दात माया आहे, ‘मध्ये’त ती नाही. ‘आई जवळ घेते’ यात जे आहे ते ‘आईमध्ये’ म्हणून येणार नाही. पण रूपकाच्या दृष्टीने ‘जवळ’ने एक मोठी उलथापालथ केली. जवळिकीला प्रमाण असते. मनुष्य थोडा जवळ असतो, अधिक जवळ जातो, काही काळ दूर पडतो. शाखेला असे अंतर नसते. ती वेलाला जोडलेली असते किंवा तुटलेली असते; वेलाच्या अधिक जवळ जाण्याची धडपड ती करू शकत नाही. ‘जवळ’ शब्द आला की प्रयत्नाची मोजपट्टी आपोआप आली, आणि उपदेशकाला ‘अजून जवळ या’ असे म्हणण्याची सोय झाली. मूळ अध्यायात ‘अजून’ हा शब्द राहण्याच्या बाबतीत कोठेच नाही. अधिक आणि विपुल अशी विशेषणे आहेत ती फळाला.

वेलाच्या प्रतिमेचेही असेच झाले. मराठी कवितेत वेल ही परावलंबी असते. ती वृक्षाला बिलगते, मांडवावर चढते, आधार गेला तर कोसळते. भक्ताला वेल आणि देवाला वृक्ष कल्पिणे हे मराठी मनाला इतके स्वाभाविक आहे की योहानातील योजना त्याच्या उलट आहे, हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. तेथे येशू हा स्वतः वेल आहे. शाखा वेलाचा आश्रय घेत नाही. ती वेलच आहे, त्याचा एक भाग. ‘आश्रय’, ‘आधार’, ‘छाया’ हे शब्द ख्रिस्ती गीतांत आले की रूपक नकळत मराठी वळणावर जाते आणि शाखा पुन्हा वेगळी होऊन बिलगू लागते.

मराठीला या ठिकाणी एक शब्द उपलब्ध होता. ‘ठायी’. ‘देवाच्या ठायी’ या प्रयोगात जागा आहे, जवळीक आहे आणि अंतर नाही. जुन्या मराठी अध्यात्मभाषेचा तो रोजचा शब्द आहे. तो निवडला असता तर वाक्य जुने वाटले असते, ही हरकत खरी. पण ‘मध्ये’ने वाक्य नवे केले असे नाही, परके केले.

५

आता ‘फाटा’ आणि ‘फळ देणे’. योहानाने शाखेसाठी ‘क्लेमा’ हा शब्द वापरला आहे, आणि नव्या करारात तो याच अध्यायात ४ वेळा येतो, इतरत्र नाही. वृक्षाच्या फांदीसाठी ग्रीकमध्ये ‘क्लादोस’ हा निराळा शब्द आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील जैतुनाच्या कलमाच्या दृष्टान्तात तोच आहे. ‘क्लेमा’ म्हणजे द्राक्षवेलाची नवी लवचीक फूट. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदार तिला ‘काडी’ म्हणतो. ‘फाटा’ शब्दाचा आजच्या वाचकाला प्रथम अर्थ लागतो तो रस्त्याचा. परतूरकराला तर फाटा म्हटल्यावर एस.टी.चा थांबाच आठवेल.

एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकाराला दोष देता येत नाही. दौलताबादच्या द्राक्षांची ख्याती जुनी असली तरी कापूस-ज्वारीच्या काळ्या रानात द्राक्षवेल कोणी पाहिलेला नव्हता. वेल म्हणजे दोडका, कारले, भोपळा, एका हंगामाचे. आज परिस्थिती बदलली आहे. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामानंतर द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध झाले. त्यामुळे या अध्यायाची शब्दकळा जिल्ह्यातच तयार झालेली आहे : खोड, ओलांडा, काडी, डोळा, घड. आणि त्या शब्दकळेबरोबर एक ज्ञानही आले आहे, ज्याचा उजेड अध्यायाच्या दुसऱ्या वचनावर पडतो.

त्या वचनात ग्रीकचा एक शब्दखेळ आहे. फळ नसलेली काडी बागवान ‘आइरेइ’, म्हणजे काढून टाकतो. फळ असलेली ‘काथाइरेइ’, म्हणजे साफ करतो, छाटतो. लगेच पुढच्या वचनात शिष्यांना ‘काथारोइ’, म्हणजे शुद्ध, असे म्हटले आहे. काढणे, छाटणे आणि शुद्ध होणे हे एकाच नादात गुंफलेले आहे. मराठीत हा नाद आणता येत नाही. तो गेल्याचा खेदही करू नये. पण छाटणीचा अर्थ आणता येतो. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपतो व वर्षाला एकदा छाटला जातो. महाराष्ट्रात तो झोपत नाही, म्हणून वर्षाला दोनदा छाटावा लागतो. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीला फळ लागत नाही. बाग बोडकी होते, भर उन्हाळ्यात पाणी आणि पैसा खर्च होतो, आणि हाती काही येत नाही. तथापि त्या छाटणीनंतरच्या पहिल्या दोनएक महिन्यांतच काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. ऑक्टोबरनंतर दिसते ते तेव्हा ठरलेले असते. त्या काळात ऊन, पाणी वा अन्न कमी पडले तर काडी वांझ निघते. परदेशी टीकाकारांनी या वचनावर लिहिताना एका छाटणीचा विचार केला आहे. फळाचा कुठलाही पुरावा नसताना काडीने वेलावर असणे म्हणजे काय, हे कडवंचीचा शेतकरी त्यांच्याहून अचूक सांगू शकेल.

आणि म्हणूनच ‘फळ देणे’ हा प्रयोग खटकतो. मराठीत झाड फळ ‘देते’ हे चूक नाही. पण शेतकरी आपल्या बागेविषयी बोलताना तसे क्वचित बोलतो. झाडाला फळ येते, फळ लागते, फळ धरते, बहार फुटतो. पहिल्या दोन प्रयोगांत झाड चतुर्थीत आहे आणि कर्ता फळ आहे. फळ ही झाडाकडून होणारी कृती नसून झाडाच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे, असा विचार मराठी वाक्यरचनेतच आहे. भूक लागते, झोप येते, राग येतो, आठवण येते; मनुष्याच्या आयुष्यातील न ठरविता घडणाऱ्या साऱ्या गोष्टी मराठी याच रचनेत सांगते. काडीला आपल्या आपण फळ येत नाही, हे योहानाच्या चौथ्या वचनाचे मर्म सांगण्यासाठी याहून योग्य रचना कोणत्या भाषेत असेल, असा प्रश्न पडतो. भाषांतरकारांनी ती बाजूला ठेवून ‘देणे’ घेतले, आणि काडी कर्ता झाली. कर्ता झाल्यावर तिच्याकडून अपेक्षा आली, अपेक्षेबरोबर हिशेब आला.

त्यात ‘फळ’ या शब्दाचा मराठीतील दुसरा अर्थ मिसळला. मराठी माणसाला फळ म्हटल्यावर कर्मफळ आठवते. ‘केल्याचे फळ’, ‘पुण्याईचे फळ’, ‘फळाची अपेक्षा’. गीतेने फलाकांक्षा सोडण्यास सांगितले तेही याच अर्थाचे फळ गृहीत धरून. येथे फळ कर्त्याकडे परत येते. योहानात फळ काडीकडे परत येत नाही, ते बागवानाचे असते. ‘सफल जीवन’ हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील आवडता शब्दप्रयोग या दोन अर्थांच्या मध्ये लोंबकळत राहिला आहे. ऐकणारा त्यातून बहुधा पहिला अर्थ उचलतो : चांगले वागा, चांगले फळ मिळेल. हा उपदेश वाईट नाही, पण त्यासाठी पंधराव्या अध्यायाची गरज नव्हती.

६

या पार्श्वभूमीवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांचे महत्त्व लक्षात येते. टिळकांचा (१८६१–१९१९) बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे; त्याचा अर्थ बहुधा छंद आणि भावना यांच्यापुरता घेतला जातो. वस्तुतः त्यांनी त्या पुलावरून व्याकरणही आणले. ‘अभंगांजली’तील टिळक ख्रिस्ताला गुरू म्हणतात, माउली म्हणतात, सखा म्हणतात, आणि त्याच्याशी असलेले नाते सांगताना वाद्य व वादक, फूल व गंध अशा, एकमेकांवाचून ज्यांना अर्थ नाही, त्या जोड्यांकडे वळतात. द्राक्षवेलाचे रूपक जसेच्या तसे मराठीत परके वाटते, हे त्यांच्या कानाने ओळखले असावे. त्यांनी रूपक बदलले आणि त्यातील संबंध राखला. भाषांतराने रूपक राखले आणि संबंध सैल केला. टिळकांच्या या काव्याला केवळ भावगीत समजणारी टीका येथे अपुरी पडते. त्यांच्या साऱ्याच अभंगांना हे साधले आहे, असे नाही. जेथे ते उपदेश करू लागतात तेथे त्यांचीही ओळ कर्तरी प्रयोगात शिरते आणि मिशनच्या पुस्तिकेसारखी वाजते.

‘मिशनकडे राहणे’ आणि ‘ख्रिस्ताठायी राहणे’ यांतला भेद टिळकांना शेवटी जीवनातच करावा लागला. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी त्यात असावेत, अशी त्यांची कल्पना होती. परतूरच्या बोलीत सांगायचे तर साल संपल्यावर ते पुन्हा राहिले नाहीत. दोन वर्षांनी त्यांचा मृत्यू झाला, आणि दरबार फार काळ चालला नाही. मोजणाऱ्याच्या वहीत त्याची नोंद निष्फळ अशीच होईल.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या दूर राहिल्या. नंतर परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी. आपला स्वयंपाक, आपले पाणी, आपले सोवळे सांभाळून त्या त्याच घरात राहू लागल्या. ‘स्मृतिचित्रे’त या काळाचे वर्णन ज्या विनोदी निर्मळपणाने आले आहे त्यामुळे त्यातील कठीणपणा वाचकाच्या नजरेतून सुटतो. जातीचा विचार त्यांच्या मनातून गेला तो कोणाच्या युक्तिवादाने गेला नाही; रोजच्या सहवासात एक दिवस तो गेलेला आढळला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी सुमारे साडेदहा अध्यायांवर सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे बहुतांशी त्यांनीच लिहिले. त्यांच्या निधनानंतर, १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. आधी राहणे, मग विश्वास, मग कधीतरी ग्रंथ, हा क्रम पंधराव्या अध्यायाचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ला ख्रिस्ती अध्यात्माचा ग्रंथ म्हणून वाचण्याची पद्धत नाही, वाचले पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. मंडळीतील मनुष्य ‘मध्ये राहा’ आणि ‘फळ द्या’ हे शब्द लहानपणापासून ऐकतो. त्याच्यासाठी त्यांचा एक स्वतंत्र धार्मिक अर्थ ठरून गेलेला असतो, आणि सालगड्याची वा द्राक्षबागेची बोली तेथे मध्ये येत नाही. आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. प्रत्येक धर्मसमाजाची एक उपभाषा बनते. पण त्या उपभाषेतही ‘येशूजवळ’ आले ते कोठून, याचे उत्तर आक्षेपकाला द्यावे लागेल. भाषांतरात नसलेला शब्द बोलण्यात शिरतो तेव्हा बोली मध्ये आलेली असतेच.

७

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून एकटीने भाषांतर हाती घेतले ते खेड्यातल्या साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा काम पुरे होत आले होते. बोलीच्या इतक्या निकट जाण्याचा संकल्प दुसऱ्या कोणा भाषांतरकाराने केला नाही. त्यांच्या संहितेचा या दृष्टीने, एकेका क्रियापदाचा माग काढीत, अभ्यास होणे जरूर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पुरेल एवढे काम त्यात निश्चित आहे.

त्या कामाची सुरुवात सोळाव्या वचनापासून करता येईल. तेथे ‘मेनेइन’ अध्यायात शेवटचे येते आणि त्याचा कर्ता फळ होतो. आतापर्यंत मुख्यतः शिष्यांनी राहायचे होते. आता त्यांचे फळ राहावे, असे म्हटले आहे. प्रचलित भाषांतरात या जागी ‘टिकावे’ आहे. ‘टिकावे’ने अर्थ बिघडत नाही, पण दहा वचनांचा धागा अकराव्या गाठीशी तुटतो. ‘फळ राहणे’ हा प्रयोग मराठीत अशक्य आहे असे भाषांतरकारांना वाटले असावे. परतूरकडील मोसंबीच्या बागायतदाराला तो अशक्य वाटणार नाही. बहार चांगला फुटूनही फळगळ झाली की एकूण किती फळ लागले हे कोणी विचारत नाही. झाडावर किती राहिले, हेच विचारतात.